नदीकाठचा ताजा मासा आणि पाठीवरचे स्वयंपाकघर

मित्रांनो, ट्रेकवर सर्वांत जास्त गप्पा कशाच्या होतात? शिखराच्या नाहीत, जेवणाच्या! तिसऱ्या दिवशी खिचडी आणि मॅगीचा कंटाळा येतो. अशा वेळी शेजारून वाहणाऱ्या नदीत मासे असतील आणि ते पकडायचा परवाना आपल्याजवळ असेल, तर त्या संध्याकाळची मजा वेगळीच. पण ताजा मासा हाती येणे आणि तो नीट शिजून ताटात येणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर आम्ही मागच्या ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीच्या काठी अनुभवले.

आम्ही आठ कॅडेट आणि सोबत आमचे सर. सरांच्या गळाला दोन ट्राऊट लागले, प्रत्येकी पाऊण किलोच्या आसपास. मी कोकणातला. त्यामुळे सगळ्यांनी मासा माझ्या हवाली केला. मी आईची रीत आठवली, मीठ-हळद-तिखट लावले आणि अख्खा मासा वाकवून छोट्या तव्यात बसवला. पंधरा मिनिटांनी मधला भाग कोळसा झाला होता, डोके आणि शेपटी तव्याबाहेर कच्चीच होती आणि कण्याजवळ लाल रक्त दिसत होते. दुसरा मासा मात्र उत्तम जमला. पहिला का बिघडला आणि दुसरा का जमला, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

आधी परवानगी, मग गळ

ट्राऊट हा मूळचा आपला मासा नाही. 1900 च्या सुमारास ब्राऊन ट्राऊटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणली गेली. तेथून पुढे काही वर्षांतच तो कुल्लूच्या नद्यांत सोडण्यात आला. थंड, स्वच्छ आणि वेगाने वाहणारे पाणी त्याला मानवले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या छंदासाठी आलेला हा पाहुणा आता तिथलाच झाला आहे. मूळच्या स्नो ट्राऊटवर मात्र त्याचा ताण पडतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

हिमाचलमध्ये ट्राऊट पकडायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. ट्राऊट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडावा लागतो आणि एका दिवशी किती मासे घ्यायचे यालाही मर्यादा आहे. हे नियम परवाना घेतानाच नीट विचारून घ्यावेत. तीर्थनच्या वरच्या भागात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क सुरू होते. 2014 मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पार्कच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. वर्दी घालणाऱ्याने किंवा पुढे घालू इच्छिणाऱ्याने नियम मोडून मिळवलेला मासा खाऊ नये, असे सर म्हणाले. ते आम्हा सगळ्यांना पटले.

पिशवीत काय घ्यावे

तिघांच्या गटासाठी आमचे सामान असे होते : एक छोटा स्टोव्ह, झाकण असलेले दीड लिटरचे स्टीलचे पातेले, एक हलका तवा, पकड, धारदार चाकू, ॲल्युमिनियम फॉइलची घडी आणि वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा. मसाल्यात मीठ, हळद, तिखट, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन लिंबे, शंभर मिलिलिटर तेल आणि घरून आणलेली मूठभर आमसुले.

आमसुलांना सगळे हसले होते. पण विचार करा : ती वाळलेली असतात, वजन जवळजवळ नसते, महिनोन् महिने टिकतात आणि माशाला आंबटपणा देतात. ट्रेकसाठी याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. तेलाची बाटली मात्र दोन पिशव्यांत बांधावी. आमच्यापैकी एकाच्या स्लीपिंग बॅगला अजून तेलाचा वास येतो.

इंधनाचे गणित

हलक्या स्टोव्हचे प्रकार मुख्यतः तीन.

पहिला, हेक्सामिनच्या वड्यांचा. सैन्यात हा जुना आणि ओळखीचा प्रकार आहे. स्टोव्ह शंभर ग्रॅमच्या आत बसतो, वडी सांडत नाही, बिघडण्यासारखे काही नसते. पण आच कमी-जास्त करता येत नाही, भांड्याच्या बुडाला चिकट काजळी बसते आणि धूर विषारी असतो. म्हणून वडीच्या उघड्या ज्वाळेवर मासा कधीही भाजू नये. मध्ये भांडे हवेच.

दुसरा, स्पिरिटचा. तोही हलका आणि स्वस्त. धोका असा की दिवसाच्या उजेडात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. विझला असे समजून कोणी वरून स्पिरिट ओतले, तर भडका उडून हात आणि चेहरा भाजतो. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही.

तिसरा, गॅसच्या डब्याचा. आच हवी तशी ठेवता येते, त्यामुळे मासा तळायला हा सर्वांत चांगला. पण थंडीत तो मंदावतो. कारण डब्यातला गॅस दाबाने द्रव केलेला असतो आणि जळण्यासाठी त्याची वाफ व्हावी लागते. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतो, आयसोब्युटेन उणे 12 अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे 42 अंशांना. म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत ठेवावा.

आता गणित करू. अर्धा लिटर पाणी 10 अंशांवरून 90 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 167 किलोज्यूल उष्णता लागते. हेक्सामिनची 14 ग्रॅमची वडी जळली की साधारण 420 किलोज्यूल देते. म्हणजे एक वडी दोनदा पाणी तापवायला पुरायला हवी! प्रत्यक्षात ती जेमतेम एकदाच पुरते. उरलेली उष्णता वारा घेऊन जातो आणि झाकण नसलेल्या भांड्यातून निघून जाते. आडोसा आणि झाकण या दोन गोष्टींचे मिळून वजन थोडे असते, पण त्यांच्यावाचून इंधन दुप्पट न्यावे लागते. एक सूचना : गॅसच्या डब्याला पत्र्याचा आडोसा सगळीकडून गुंडाळू नये. डबा तापून फुटू शकतो.

आणखी एक गोष्ट. रेल्वेत गॅस, स्पिरिट, रॉकेल असे ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे. आपण बहुतेक जण सुट्टीला आणि कॅम्पला रेल्वेनेच जातो. तेव्हा इंधन मुक्कामाच्या गावी विकत घ्यावे. जंगलातली लाकडे तोडून चूल पेटवणे हा हलका उपाय वाटतो, पण देवदाराच्या जंगलात एक ठिणगी पुरते आणि बऱ्याच ठिकाणी त्यालाही बंदी असते.

उंचीवर डाळ रुसते, मासा रुसत नाही

समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर वर गेले की पाणी साधारण एक अंश लवकर उकळते. 3000 मीटरवर ते सुमारे 90 अंशांनाच उकळू लागते. राजमा आणि चणाडाळ तिथे तासन् तास कच्ची राहते, कारण त्यांना उकळीची पूर्ण उष्णता हवी असते.

माशाचे तसे नाही. मासा पाण्यात तरंगतो, त्याला बकऱ्यासारखे स्वतःचे वजन पायांवर पेलावे लागत नाही. त्यामुळे त्याच्या स्नायूंना बांधणारे धागे थोडे आणि नाजूक असतात, कमी उष्णतेतच विरघळतात. मासा आतून 63 अंशांपर्यंत तापला की शिजला. म्हणून 90 अंशांची उकळी त्याला पुरून उरते. मटणाला तास लागतो तिथे मासा दहा मिनिटांत होतो. इंधन जपून वापरणाऱ्याला याहून चांगले मांस नाही.

साफ करणे

मासा पकडल्यावर त्याला तडफडत ठेवू नये. डोक्यावर मागच्या बाजूने एक जोरदार टोला द्यावा. त्याचे हाल होत नाहीत आणि मांसही चांगले राहते.

ट्राऊटचे खवले अगदी बारीक असतात, ते काढावे लागत नाहीत. शेपटीकडच्या छिद्रापासून कल्ल्यांपर्यंत पोट उघडावे. चाकूचे टोक खोल घालू नये, नाहीतर आतडे फाटते. कल्ले आणि आतील सगळे काढून टाकावे. शेवटी कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ दिसते. ती अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवावी. तीच राहिली तर मासा कडवट आणि उग्र लागतो.

आतड्यांजवळ हिरवी-पिवळी पित्ताची पिशवी असते. ती न फोडता काढून टाकावी. हे फक्त चवीसाठी नाही, हे नीट वाचा. आपल्या देशात काही ठिकाणी रोहू, कटला अशा माशांचे पित्त औषध म्हणून गिळतात. या माशांच्या पित्तात मूत्रपिंडावर घाव घालणारे विष असते. ते गिळलेल्या माणसांची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांना डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या घटना भारतातील डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. शिजवल्यानेही ते विष जात नाही. ‘अंगात ताकद येते’ असे कोणी कितीही सांगितले तरी कोणत्याच माशाचे पित्त खायचे नाही.

सफाई पिण्याचे पाणी भरतो तिथे करू नये. घाण पाण्यापासून आणि तंबूपासून साठ-सत्तर पावले दूर, वीतभर खोल खड्ड्यात पुरावी. त्या भागात काळे अस्वल फिरते आणि माशाचा वास त्याला फार लांबून येतो. ज्या कपड्यांत मासा साफ केला ते कपडे घालून तंबूत झोपू नये.

तीन रीती

*पहिली, तव्यावर.* माझी चूक इथे झाली. छोट्या स्टोव्हची ज्वाळा रुपयाएवढ्या जागेत असते आणि हलका तवा पातळ असतो. त्यामुळे उष्णता मधोमध साचते, कडेला पोहोचत नाही. घरचा बिडाचा तवा जाड असतो, तो उष्णता सगळीकडे पसरवतो. आईची रीत बरोबरच होती, पण तिचा तवा माझ्याजवळ नव्हता.

उपाय सोपा. माशाच्या आडव्या तुकड्या कराव्यात, प्रत्येकी दोन सेंटीमीटर जाड. त्या रुमालाने कोरड्या कराव्यात. ओली तुकडी आधी पाणी उकळवते, मग तळली जाते आणि तव्याला चिकटते. मीठ, हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण लावून दहा मिनिटे ठेवाव्यात. तव्यात दोन चमचे तेल चांगले तापू द्यावे, मग आच कमी करावी. एका वेळी तीनच तुकड्या घालाव्यात. दर अर्ध्या मिनिटाला तवा थोडा सरकवत राहावे, म्हणजे ज्वाळा एकाच जागी लागत नाही. वर झाकण ठेवावे. एक बाजू चार मिनिटे, दुसरी चार मिनिटे. लिंबू शेवटी पिळावे.

*दुसरी, वाफेवर.* हेक्सामिन किंवा स्पिरिटवर आच कमी करता येत नाही, तिथे ही रीत उत्तम. पातेल्यात दोन बोटे पाणी घालावे. फॉइलच्या तीन गोळ्या करून तळाशी ठेवाव्यात, त्यांवर मसाला लावलेल्या तुकड्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवाव्यात. झाकण लावून दहा मिनिटे. पाणी आहे तोवर करपण्याची भीती नाही. लिंबू आणि आमसूल फॉइलमध्ये घालू नये, कारण आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो.

*तिसरी, सार.* डोके आणि शेपटी फेकू नका. पाऊण लिटर पाण्यात लसूण, हळद, तिखट, मीठ आणि पाच-सहा आमसुले घालून उकळी आणावी. मग डोके-शेपटी टाकून दहा मिनिटे शिजवावे. पातेले स्टीलचे असल्याने आंबटाची काळजी नाही. या सारात मूठभर जाडे पोहे टाकले की दोन मिनिटांत पोटभर जेवण होते. भाताचे इंधन वाचते. थंडीत हेच सर्वांत जास्त आवडले. पंजाबचे आणि मणिपूरचे कॅडेटही आमसुलांना पुन्हा हसले नाहीत.

शिजला हे कसे ओळखावे? सर्वांत जाड तुकडीत कण्याजवळ चाकूचे टोक घालून पाहावे. मांस काचेसारखे अर्धपारदर्शक दिसले तर कच्चे. पांढरे किंवा फिके गुलाबी, अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटले तर शिजले. एक ढोबळ नियम असाही आहे : जाडीच्या दर अडीच सेंटीमीटरला दहा मिनिटे.

जिवाशी खेळ नको

तीन गोष्टी शेवटी सांगतो, पण त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

एक, बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये. बाहेर पाऊस असो की बर्फ. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. भूक सहन करावी, पण हे करू नये.

दोन, मासा अर्धकच्चा खाऊ नये आणि उरवूही नये. गोड्या पाण्यातल्या माशांत जंतांची अंडी-अळ्या असू शकतात, त्या नीट शिजवल्याने मरतात. खेकड्यांचेही तसेच. ईशान्य भारतात कच्चे खेकडे खाल्ल्याने फुप्फुसात जंत होतात आणि खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर क्षय समजून महिनोन् महिने चुकीचे उपचार झाल्याची उदाहरणे आहेत. शिजवलेला मासा दोन तासांत संपवावा. सकाळसाठी ठेवलेली तुकडी पोट बिघडवते आणि डोंगरात पोट बिघडलेला एक माणूस सगळ्या तुकडीला थांबवतो.

तीन, स्पिरिटची बाटली. ही चूक आमच्याकडून झाली म्हणून लिहितो. आम्ही स्पिरिट रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरले होते. अंधारात, तहानलेल्या एका मित्राने ती उघडून तोंडाला लावली. नाकाला वास आला म्हणून त्याने ओठांवरूनच बाटली दूर केली. सर्दी झालेली असती तर? डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. थोड्या मात्रेतही ते दृष्टी घालवते, जीवही घेते. त्या रात्री जेवण झाल्यावर सरांनी कोणाला रागावले नाही. त्यांनी फक्त ती बाटली मधोमध ठेवली आणि विचारले, “ही चूक कोणाची?” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आठही हात वर झाले. बाटली भरणारा एक होता, पण ती भरताना पाहणारे आम्ही सगळे होतो. आता आमच्या ट्रेकमध्ये इंधनाची बाटली लाल असते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते म्हणजे अंधारात हातालाही कळते, आणि ती पाण्याच्या बाटल्यांबरोबर कधीही ठेवली जात नाही.

दुसऱ्या माशाच्या नऊ तुकड्या झाल्या. सर्वांत लहान कॅडेटने आधी घेतली, सरांनी सर्वांत शेवटी. शेपटीकडची, सर्वांत छोटी. आम्ही मोठी तुकडी पुढे केली तर ते म्हणाले, “सैन्यात रांग अशीच असते.” पहिल्या माशाचा करपलेला भाग काढून उरलेले मांस आम्ही सारात शिजवले, तेही वाया गेले नाही.

मित्रांनो, पुढच्या ट्रेकला जाल तेव्हा तवा, झाकण, आडोसा आणि लाल बाटली आठवणीने घ्या. आणि घरून निघताना आईकडून मूठभर आमसुले मागून घ्यायला विसरू नका.